मूद केवढी पाडायची?

श्रोतेहो, नमस्कार.

वजन उतरवायचं ठरलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड भातावर पडते. ठाण्याला रात्री साडेनऊच्या गाडीतून उतरणारा माणूस भात सोडल्याचं अभिमानाने सांगतो, पण स्टेशनबाहेर उभ्या उभ्या खाल्लेले दोन वडापाव त्याच्या हिशेबातच नसतात. माझं म्हणणं असं की भात सोडू नका, त्याचं माप ठरवा. आणि ते ओट्यापाशीच ठरवा. पोटात कावळे ओरडत असताना पातेलं समोर घेऊन बसलं की डाव आपोआप मोठा भरतो.

आपल्या वाढपात हे माप पूर्वीपासून आहेच : मूद. वाटीत भात भरायचा, ताटात पालथा घालायचा, वर वरण, तूप, लिंबाची फोड. गडबड होते ती वाटीमुळे. जांभळी नाक्याच्या बाजारात शंभर मिलिलिटरची वाटी मिळते आणि अडीचशेचीही. घरी दोन्हींना आपण वाटीच म्हणतो. तेव्हा आपली वाटी एकदा पाणी ओतून मोजून घ्या. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत भात मोकळा भरला तर साधारण शंभर ग्रॅम बसतो, म्हणजे 130 कॅलरीच्या आसपास. मोकळा भरायचा बरं का! चमच्याने दाबून भरलात तर वाटी तीच, पण भात कितीतरी जास्त.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराच्या नव्या शिफारशी दिल्या. त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम आणि भाज्या 400 ग्रॅम धरल्या आहेत. धान्याचं आणि डाळींचं हे वजन कच्चं. 85 ग्रॅम म्हणजे दाट वरण आणि उसळ मिळून दिवसाला जवळजवळ तीन वाट्या. आपल्या घरात आमटीच्या पाण्यात डाळ शोधावी लागते, आणि मग पोट भरायला चौथी पोळी येते. मासे-अंडी खाणाऱ्यांनी डाळींचा काही वाटा त्यातून घेतला तरी चालतो, पण बोंबील कालवणातले बरे. तळलेले रविवारी, तेही मोजून.

आता तेल. त्याच शिफारशीत तेल-तूप मिळून माणशी दिवसाला 27 ग्रॅम आहे. चौघांच्या घराचा हिशेब केला तर महिन्याला सव्वातीन किलोच्या आत, म्हणजे एक लिटरच्या साडेतीन पिशव्या, आणि त्यातच तूप-लोणी आलं. वाण्याची मागची यादी काढून बघा. एका छोट्या चमचाभर तेलात जवळपास 45 कॅलरी असतात. त्यामुळे पोळ्या अर्ध्यावर आणण्यापेक्षा फोडणीला बुधली वाकडी करायची सवय मोडणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मिसळ खाऊ नका असं मी ठाणेकरांना सांगणार नाही, सांगून ऐकणार कोण? पण तर्री पुन्हा मागवू नका आणि तिसरा पाव नको म्हणा.

दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं थांबा. पोट भरल्याची जाणीव जरा उशिराच होते. पाहुण्याकडे आग्रह झाला तर कोशिंबीर मागून घ्या, यजमानही खूश.

एक मात्र लक्षात असू द्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळीचं माप परस्पर उतरवू नका, रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोला. गरोदर बायकांनी आणि वाढत्या मुलांनी वजन उतरवण्यासाठी या मापात पडूच नये.

नमस्कार.