जेवढं कुजलं तेवढंच

(दृश्य : जुन्या इमारतीचा पोटमाळा. टॉर्चचा झोत एका जाड तुळईवर फिरतो. टोच्याचं टोक लाकडात घुसताना.)

तुळई बाहेरून धडधाकट दिसते. टोचा मधोमध मारला तर जेमतेम दोन मिलिमीटर आत जातो. तोच टोचा भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी मारला की मुठीपर्यंत रुततो. आत लाकूड नाही, तपकिरी भुगा आहे.

नवीन इमारत बांधणारा सुतार इथे एकच गोष्ट सांगेल: काढा ही तुळई, दुसरी घाला. त्याचं चूक नाही. वेळ वाचतो, हिशेब सोपा होतो, जबाबदारी स्वच्छ राहते. पण ऐतिहासिक इमारती दुरुस्त करणाऱ्या सुताराचं शिक्षण याच्या नेमकं उलट्या दिशेनं चालतं. किती बदलू शकतो, यावरून त्याची परीक्षा होत नाही. किती ठेवू शकला, यावरून होते.

(दृश्य : कार्यशाळा. पाण्याचा दगड, त्यावर पटाशी.)

सुरुवात मात्र सगळ्यांची एकाच जागी होते, धार लावण्यापासून.

जपानमध्ये नारा शहराजवळ होर्यू-जी हे मंदिर आहे. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती तिथे उभ्या आहेत. त्या मंदिराचे पिढीजात सुतार होते त्सुनेकाझू निशिओका. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या मित्सुओ ओगावा यांना त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की वर्षभर रेडिओ, दूरदर्शन, वर्तमानपत्र काही नाही, फक्त हत्यारांना धार लाव. शिकवणी अशी नव्हतीच. निशिओकांनी एकदा रंधा मारून निघालेला पातळ पापुद्रा त्यांच्या हातात दिला, म्हणजे असा निघाला पाहिजे. ओगावांनी तो खिडकीच्या काचेला चिकटवला आणि तसा निघेपर्यंत रंधा मारत राहिले.

ऐकायला ही गोष्ट फार सुंदर वाटते. तरी आमच्या मते शिकवायची ही एकमेव पद्धत नाही, आणि प्रत्येकाला ती मानवेल असंही नाही. पण धारेचा आग्रह उगाच नाही. बोथट पटाशी तंतू कापत नाही, चिरडते. चिरडलेल्या तंतूंत पाणी लवकर शिरतं. नव्या दारात ते रंगाखाली झाकून जाईल. शेकडो वर्षांच्या खांबाला जोड देताना दोन पृष्ठभाग एकमेकांना पुरते टेकले नाहीत, तर ओल तिथूनच आत जाते.

निशिओकांच्या शिक्षणातली आणखी एक गोष्ट आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. आजोबांनी त्यांना आधी शेतकी शाळेत घातलं. सुताराला माती कळली पाहिजे, कारण झाड मातीतून येतं, असा त्यांचा हिशेब होता. डोंगराच्या कोणत्या बाजूला झाड वाढलं, वारा कुठून लागला, त्यावरून त्याचं लाकूड पुढे कुठे पीळ घेणार हे ठरतं.

(दृश्य : ओंडक्याचा आडवा छेद. वर्षवलयं. बोट गाभ्यापासून सालीकडे सरकतं.)

लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही. लांबीत ते जवळजवळ तेवढंच राहतं. गाभ्याकडून सालीकडे जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वलयांच्या दिशेनं आकसतं. म्हणून पूर्ण ओंडक्याला चीर जाते, फळी वाकते, चौकोनी खांब किंचित तिरका होतो. नवशिक्या जुन्या खांबातली लांब चीर बघून घाबरतो. अनुभवी सुतार त्या चिरेत बोट फिरवून सांगतो की ही वाळताना पडली आहे, भार सोसताना नाही, राहू दे. हा फरक ओळखता येण्यात बराच काळ जातो, आणि तो पुस्तकातून येत नाही.

दुसरी ओळख पाण्याची. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणाऱ्या बुरशीला जगता येत नाही. वर गेली आणि वरच राहिली, की ती कामाला लागते. त्यामुळे कुजलेली जागा कुठे सापडणार, याचा अंदाज बाहेरूनच बांधता येतो: तुळईचं भिंतीत दडलेलं टोक, जमिनीला टेकलेला खांबाचा पाय, गळक्या पन्हळीखालचे वासे, खिडकीच्या चौकटीचा खालचा दांडा. शिकाऊ सुताराला म्हणून आधी इमारतीभोवती फेरी मारायला लावतात, पावसात असेल तर उत्तमच. पाणी कुठून येतं ते शोधून थांबवल्याशिवाय नवं लाकूड बसवणं म्हणजे बुरशीला ताजं जेवण वाढणं.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छत हे याचं मोठं उदाहरण. 14 व्या शतकाच्या अखेरीस ह्यू हर्लंड या सुतारानं ते उभारलं, खाली एकही खांब न घेता वीस मीटरहून जास्त रुंदीवर. 1914 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा ओकच्या त्या अवाढव्य तुळया डेथवॉच नावाच्या भुंगेऱ्यानं आतून पोखरलेल्या आढळल्या. हा भुंगेरा कोरड्या, निरोगी ओकला सहसा तोंड लावत नाही. ओलीनं आणि बुरशीनं मऊ झालेलं लाकूड त्याला हवं असतं. तिथे पोलादाचा सांगाडा आतून घालून छत वाचवलं गेलं. आज तशीच दुरुस्ती केली असती का, यावर सुतारांचे दोन गट पडतील. पण मूळ लाकूड बऱ्याच अंशी जागेवर राहिलं, हे दोन्ही गट मान्य करतील.

(दृश्य : खांबाचा कुजलेला पाय. बाजूला लोखंडी टेकू. जॅकचा दांडा हळू फिरतो.)

आता खुद्द दुरुस्ती. इथे आपण जरा थांबू, कारण सगळी कला इथेच आहे.

खांबाचा खालचा हातभर भाग गेला आहे. आधी वरचा भार टेकूंवर घ्यायचा. जॅक मिलिमीटर-मिलिमीटरनं चढवायचा. इमारत शेकडो वर्षांत एका बाजूला बसली असेल, तर तिला सरळ करण्याचा मोह आवरायचा. भिंती, गिलावा, दारं सगळी त्या तिरकेपणाला सरावलेली असतात. एक कोपरा उचलला की दुसरीकडे तडे जातात. ओळंबा लावायचा तो किती तिरकं आहे हे लिहून ठेवायला.

मग कुजलेलं कापायचं. कुठवर? टोच्याला निरोगी लाकूड लागतं तिथवर, आणि त्यापलीकडे सांध्याला लागेल तेवढंच. सरळ आडवा काप दिला तर दोन तुकडे नुसते एकावर एक उभे राहतील, बाजूनं धक्का बसताच सरकतील. म्हणून दोन्ही टोकं एकमेकांत अडकतील अशी कापतात: लांबलचक तिरकी उतरण, मध्ये पायरी, कधी आरपार पाचर. जुनं टोक आहे तसं जागेवर, वाकडंतिकडं; नव्यानं त्याच्याशी जुळवून घ्यायचं. नवा तुकडा त्याच जातीच्या झाडाचा हवा, तंतूंची दिशा तीच हवी, शक्य तितकी ओलही जुळती हवी. नाहीतर तो पुढे स्वतःच्या मर्जीनं आकसतो आणि सांधा उघडा पडतो.

खुंटीचं भोक पाडताना एक जुनी युक्ती वापरतात. एका लाकडातल्या चौकोनी भोकात दुसऱ्याची जीभ बसते. जिभेतलं खुंटीचं भोक बाहेरच्या भोकापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खांद्याच्या, म्हणजे जीभ जिथून सुरू होते त्या पायरीच्या, बाजूला सरकवून पाडायचं. टोकदार खुंटी ठोकली की ती वाट काढताना सांधा आवळत नेते. ना खिळा, ना सरस. आणि उद्या सोडवायचं झालंच तर खुंटी ठोकून बाहेर काढता येते. आजकाल पोकळीत रसायन ओतून कडक करण्याचे उपाय सर्रास मिळतात. कोरीव नक्षीच्या नाजूक तुकड्याला त्यांचा उपयोग होतो, हे खरं. पण भार सोसणाऱ्या खांबात ते ओतलेलं पाहिलं की आम्हाला पुढच्या सुताराची कीव येते. त्याला ते कापताही येणार नाही आणि काढताही येणार नाही.

नव्या तुकड्याला जुना दिसण्यासाठी काळा रंग फासायचा का? ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेनं याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. भर घातलेला भाग एकूण इमारतीशी सुसंगत दिसावा, पण जवळून पाहणाऱ्याला वेगळा ओळखू यावा. म्हणून अनेक कार्यशाळांत नव्या तुकड्यावर, दर्शनी नसलेल्या बाजूला, वर्ष कोरतात. त्याच सनदेत असंही म्हटलं आहे की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. हे वाक्य वाचायला सोपं आहे. निम्मी नक्षी गेलेल्या दारासमोर पटाशी घेऊन उभं राहिलं की ते पाळणं किती कठीण, हे कळतं. हात शिवशिवतात.

(दृश्य : तुळईवर कोरलेल्या रेघा. टॉर्च तिरका धरल्यावर त्या उमटतात.)

आधीच्या सुतारांनी काय केलं ते वाचता येणं, हा शिक्षणाचा वेगळाच विषय आहे. युरोपातल्या जुन्या लाकडी छतांमध्ये सांध्यांजवळ रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरलेल्या दिसतात. प्रत्येक सांधा जमिनीवर त्याच्या जोडीदारावर ठेवून जुळवलेला असे, त्यामुळे सातव्या खांबाची जीभ आठव्या खांबाच्या भोकात बसत नसे. म्हणून आकडे. ते ओळीनं नसतील तर कुणीतरी मध्येच छत सोडवून पुन्हा बांधलं असण्याची शक्यता. करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळलेल्या असल्या, तर ती यंत्राची गोल होती, हे समजतं. वाकसाचे ठसे, सूत मारल्याची पुसट रेघ, रिकामं राहिलेलं भोक, काहीही टाकाऊ नाही. एक शिस्त मात्र कडक पाळावी लागते: आधी फोटो, मग माप, मग आराखडा, आणि त्यानंतर हत्यार.

या मोजमापाची किंमत पॅरिसला 2019 मध्ये कळली. 15 एप्रिलच्या संध्याकाळी नोत्र दाम कॅथेड्रलचं छत जळालं. आतला लाकडी सांगाडा इतका दाट होता की त्याला ‘जंगल’ म्हणत. तो राख झाला. पण 2014 मध्ये रेमी फ्रोमों आणि सेद्रिक त्रेंतेझो या वास्तुविशारदांनी त्याचं तुकड्या-तुकड्यानं मोजमाप करून आराखडे काढले होते. ते नसते, तर जसंच्या तसं बांधण्याच्या निर्णयाला इतका भक्कम आधार मिळाला नसता.

(दृश्य : ओंडक्यावर उभा सुतार. कुऱ्हाडीचे घाव, उडणाऱ्या ढलप्या.)

आराखडे होते, ते कुऱ्हाडीनं उतरवणारे हातही लागणार होते. मुख्य दालनाच्या आणि गाभाऱ्याकडच्या छताच्या तुळया करवतीनं न चिरता ओल्या ओकच्या ओंडक्यांतून कुऱ्हाडीनं तासल्या गेल्या. तासताना घाव तंतूंच्या वळणानं जातो; करवत त्यांना आडवी छेदते. ओंडका जरा वाकडा असेल तर तुळईही तशीच वाकडी राहते, आणि जास्त बळकट असते. हे काम येणारी माणसं कुठून मिळाली? काही जण गेदेलोंमधून आले. फ्रान्समध्ये 1997 पासून तिथे 13 व्या शतकातली हत्यारं आणि पद्धती वापरून एक किल्ला नव्यानं बांधला जातोय. त्या उद्योगाला सुरुवातीला हौस म्हणून हसणारे कमी नव्हते. डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं, तेव्हा गेदेलोंच्या सुतारांच्या तुळया डोक्यावर होत्या.

फ्रान्समध्ये छताचा पूर्ण आकाराचा आराखडा जमिनीवर काढून त्यावर लाकूड ठेवून खुणा करण्याची परंपरा आहे. 2009 मध्ये युनेस्कोनं तिची अमूर्त वारशात नोंद केली. 2020 मध्ये जपानच्या लाकडी वास्तूंच्या जतनाची कौशल्यंही त्या यादीत आली. इमारतीसोबत हातही जपावे लागतात, हे त्यातून मान्य झालं. जपानमधल्या इसे इथल्या मंदिरात हे शेकडो वर्षं गृहीतच धरलेलं आहे. तिथे दर 20 वर्षांनी मंदिर शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात. शेवटचं 2013 मध्ये झालं, पुढचं 2033 मध्ये होईल, आणि त्याचे विधी 2025 मध्येच सुरू झाले. विशीत हाताखाली काम केलेला सुतार चाळिशीत मुख्य काम करतो आणि साठीत सांगायला उभा राहतो. इथे सगळंच नवं बांधतात, म्हणजे आपण आतापर्यंत जे सांगितलं त्याच्या उलट, असं वाटेल. पण उतरवलेलं लाकूडही तिथे वाया जात नाही. मुख्य मंदिराचं आढं पेलणारे खांब पुढे मंदिराकडे जाणाऱ्या पुलाच्या दोन टोकांच्या तोरणद्वारांना लागतात.

(दृश्य : खिडकीची चौकट. खालचा दांडा काढलेला. शिकाऊ मुलगी गुण्या लावून खूण करतेय.)

या कामाकडे वळू पाहणाऱ्यांनी कॅथेड्रल आणि मंदिरं जरा बाजूला ठेवावीत. रोजचं काम खिडक्यांचं असतं. दारं, जिने, तळाच्या फळ्या, गळके वासे. आधी साधं सुतारकाम नीट यायला लागतं. तीन-चार वर्षं त्यातच जातात, आणि ती टाळून कुणी थेट जुन्या इमारतीत शिरू नये. जर्मन भाषिक देशांत शिकून झालेले काही सुतार आजही तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरतात, स्वतःच्या गावापासून 50 किलोमीटरच्या आत पाऊल न टाकता. वेगवेगळ्या उस्तादांचे हात बघायला मिळावेत हा हेतू. तेवढं जमलं नाही तरी दोन-तीन ठिकाणी तरी शिकावं.

पोटमाळ्यातली धूळ, पक्ष्यांची विष्ठा, जुन्या रंगातलं शिसं, यांच्यापासून सांभाळावं लागतं; मास्क न लावता जुना रंग खरवडणं हा शूरपणा नाही. अहवाल लिहावा लागतो, तोही दुसऱ्याला समजेल असा. मालकाशी वाद होतात, कारण बदलणं बहुतेकदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं आणि ते त्यालाही ठाऊक असतं.

आणि दुरुस्ती संपवून हत्यारं आवरली की शिकाऊ सुतार शिडी लावतो, पन्हळीत साचलेला पाला काढतो, बादलीभर पाणी ओतून ते कुठून बाहेर पडतं ते बघतो. पावसाळ्याआधी पुन्हा यायची तारीख वहीत लिहितो.