बंदी, जप्ती आणि दाखल नोंदवही

‘फॅरनहाइट ४५१’मध्ये पुस्तकं जाळतात आणि माणसं ती पाठ करून जगवतात, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ग्रंथपालाच्या कामाची गोष्ट मात्र कादंबरीबाहेर घडली. १९५३च्या या पुस्तकाची शाळांसाठी वेगळी आवृत्ती १९६७मध्ये निघाली. तीत शिव्या नि नकोसे उल्लेख गाळले किंवा बदलले होते, पण तसं कुठं छापलं नव्हतं. पुढे काही वर्षं बाजारात तीच मिळे. खुद्द लेखक रे ब्रॅडबरींना ते १९७९मध्ये कळलं. ‘नवी प्रत आली, जुनी निर्लेखित करा’, म्हणजे संग्रहातून काढून टाका, म्हणणाऱ्या ग्रंथालयानं मूळ मजकूर स्वतःच रद्दीत घातला असणार. म्हणून निर्लेखनाआधी दोन्ही प्रतींची श्रेयनामावली शेजारी ठेवून वाचा. पानं तेवढीच भरली म्हणून निर्धास्त होऊ नका. दोन-चार प्रकरणं चाळून ताडून बघा.

आता आपल्याकडचं. आपण ‘बंदी’ म्हणतो, कायदा ‘जप्ती’ म्हणतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं ९५. त्यासाठी राज्य सरकारची अधिसूचना लागते आणि तीत कारणं लिहावी लागतात. आत शिरून झडती घ्यायला दंडाधिकाऱ्याचं वॉरंट हवं, आणि येणारा अधिकारी किमान उपनिरीक्षक. एखाद्या संघटनेचं निवेदन म्हणजे अधिसूचना नव्हे! ते घ्या, आवक क्रमांक टाका, समितीपुढे ठेवा. पुस्तक कपाटातच राहू द्या.

अधिसूचनेचा कागद मागण्याला एवढं महत्त्व का? जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी इथंच, पुण्यातल्या भांडारकर संस्थेत तोडफोड झाली, ते पुण्याला सांगायला नको. पुस्तकावर बंदी आली. तिला आव्हान देणारे ना लेखक होते, ना प्रकाशक. कोणत्या समाजांत वैर निर्माण होईल, हेच अधिसूचनेत सांगितलेलं नव्हतं. उच्च न्यायालयानं २००७मध्ये ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये ते कायम केलं. सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीवरची १९८८ची आयातबंदी तर त्याहून गमतीची. २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे मूळ अधिसूचनाच कुणाला सादर करता आली नाही. जप्तीला आव्हान द्यायचं तर राजपत्रातल्या तारखेपासून दोनच महिने असतात, तेव्हा राजपत्राची प्रत आधी मिळवा.

खरं नुकसान बहुधा पोलीस येण्याआधीच झालेलं असतं. कुणीतरी घाबरून पुस्तक टेबलाच्या खणात ठेवतं, सूचीतलं कार्ड काढतं, वर्षभरानं निर्लेखनाच्या यादीत ‘जीर्ण’ असा शेरा पडतो. मग हे पुस्तक आपल्याकडे होतं, हेही सांगता येत नाही. प्रत खरोखर जप्त झालीच, तर पंचनाम्यात दाखल अंक, म्हणजे दाखल नोंदवहीतला त्या प्रतीचा क्रमांक, लिहून घ्या, पंचनाम्याची नक्कल मागा. दाखल नोंदवहीत ती ओळ खोडू नका. शेऱ्याच्या रकान्यात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लिहा. कार्डही काढू नका. अधिसूचना रद्द झाली, तर प्रत परत मागताना दाखवायला हाच दाखल अंक लागेल.