मूल हाक मारेल तेव्हा थांबता येईल असा व्यायाम

नमस्कार, श्रोतेहो.

एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला किंवा बाबांना व्यायामाचा जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा दोन मोठी माणसं असलेल्या घरासाठीचा असतो. पहाटे उठून चालायला जा, संध्याकाळी तासभर जिमला जा. एवढा वेळ मुलाजवळ दुसरं कोणीतरी असणार, हे त्यात न बोलता गृहीत धरलेलं असतं. तसं कोणी नसेल, तर बेत पहिल्याच आठवड्यात कोलमडतो आणि दोष मात्र आळसावर येतो. खरं तर बेतच त्या घराचा नसतो. तुम्हाला हवा आहे असा व्यायाम, जो मुलाच्या नजरेसमोर करता येतो, हाक आली की मध्येच सोडता येतो आणि जिथे सोडला तिथूनच पुन्हा धरता येतो.

असा तुकड्यातुकड्यांचा व्यायाम अंगी लागतो का, ही शंका अनेकांना असते. लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत व्यायाम सलग किमान १० मिनिटांचा असावा, अशी अट होती. २०२० च्या शिफारशींत ती काढून टाकली. आता मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. हे कितीही छोट्या तुकड्यांत झालं तरी मोजायचं. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागणं. 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात २०२२ मध्ये एक अभ्यास आला. वेगळा व्यायाम न करणाऱ्या सुमारे २५ हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रं बांधली होती. जिने भराभर चढणं, जड पिशव्या घेऊन झपाझप चालणं, असे एक-दोन मिनिटांचे दम लावणारे तुकडे ज्यांच्या दिवसात तीनेक वेळा आले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. हा संबंध आहे, थेट कारण सिद्ध झालेलं नाही. पण हे तुकडे फुकटचे आहेत आणि तुमच्या दिवसात आधीपासूनच आहेत. फक्त ते जरा जोर लावून करायचे.

चालणं की ताकद, दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर सुरुवात ताकदीपासून करावी. थोडंफार चालणं रोज होतंच. मात्र वाढतं मूल कडेवर घेणं, झोपलेल्या मुलाला उचलून अंथरुणावर नेणं, सामान आणि मूल एकदम सांभाळणं, ही कामं तुमच्यावाचून कोणी करणार नाही. पाठ धरली तर घर थांबतं. म्हणून पायांचा, ढकलण्याचा आणि ओढण्याचा, असे तीनच व्यायाम नीट शिकून घ्या.

पहिला, खुर्चीवरून उठणं-बसणं. जवळ खुर्ची असेल तर आत्ता माझ्याबरोबर करून पाहा. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा, म्हणजे ती सरकणार नाही. बैठकीच्या पुढच्या काठावर बसा. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता छाती पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ द्या आणि श्वास सोडत उठा. खाली बसताना मनात तीन आकडे मोजा: एक, दोन, तीन, आणि मग बैठकीला अलगद टेका. चूक बहुधा बसतानाच्या शेवटच्या चार बोटं अंतरात होते. तिथे ताकद कमी पडते आणि माणूस धपकन बसतो. नेमकी तीच जागा मजबूत करायची असते, त्यामुळे धपकन बसणं होत असेल तर खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. दुसरी चूक म्हणजे उठताना गुडघे आत झुकणं. गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या. टाचा उचलल्या जात असतील तर पावलं थोडी पुढे घ्या.

किती करायचं? ८ ते १२ वेळा. 'अजून दोन जमतील, तिसरं नाही' असं वाटलं की थांबा. दमून पडेपर्यंत केलंत तर दुसऱ्या दिवशी मुलामागे जिने चढवणार नाहीत. सलग १५ सहज होऊ लागले की पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून ती छातीशी धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन किती झालं हे वेगळं मोजावं लागत नाही. एका वेळी एक-दोन बाटल्याच वाढवा.

दुसरा, ढकलणं. भिंतीपासून हातभर दूर उभं राहून तळवे छातीच्या उंचीला, खांद्यांपेक्षा थोडे बाहेर टेकवा. टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून छाती भिंतीजवळ न्या आणि परत ढकला. कोपरं थेट बाजूला फाकली तर खांदा दुखतो, ती अंगापासून साधारण ४५ अंशांत राहू द्या. हे सोपं झालं की ओट्याच्या कडेवर, मग न हलणाऱ्या बुटक्या टेबलावर, शेवटी जमिनीवर. हात जितके खाली, तितकं अवघड. मनगट दुखत असेल तर तळवा सपाट न टेकता ओट्याची कड मुठीत धरा. आणि शेजारी शेगडी पेटलेली असेल, तेव्हा ओट्यावर हे करू नका. मूल मध्ये घुसतंच.

तिसरा व्यायाम ओढण्याचा, आणि हाच सगळ्यात जास्त राहून जातो. मुलाला भरवणं, कडेवर घेणं, संगणकासमोर बसणं, सगळी कामं शरीराच्या पुढच्या बाजूला. खांदे पुढे येतात, मानेखाली ठसठसतं. एक हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवा, कमरेतून वाका, पाठ सपाट ठेवा. दुसऱ्या हातात चार-पाच किलोची पिशवी घ्या. कोपर अंगाला घासत मागे नेत पिशवी कमरेकडे ओढा, क्षणभर थांबा, सावकाश सोडा. खांदा कानाकडे चढत असेल किंवा धड वळत असेल, तर पिशवी जड आहे. दोन बाटल्या कमी करा. दोन्ही बाजूंना ८ ते १२ वेळा.

तिन्ही मिळून एक फेरी साधारण चार-पाच मिनिटांची होते. आठवड्यातून तीन दिवस, एकेका दिवशी दोन फेऱ्या. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास गेला तरी काही बिघडत नाही. स्नायूंना विश्रांती जास्त मिळाली तर नुकसान नसतं. फक्त फार वेळ गेला असेल तर आधी चार-पाच हलक्या उठबशा काढून अंग गरम करा. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल लावून ठेवा. जे झालं त्यावर खूण करून मुलाकडे जायचं. नाहीतर परत आल्यावर 'कुठवर आलो होतो' यातच उत्साह जातो. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. ते नेहमीचं दुखणं असतं आणि आपोआप ओसरतं. सांध्यात टोचणारी कळ मात्र वेगळी, ती आली की तो व्यायाम बंद.

मुलालाच वजन म्हणून उचलण्याचे व्हिडिओ बरेच दिसतात. लहान बाळाला छातीशी घट्ट धरून खुर्चीच्या उठबशा करायला हरकत नाही. पण मूल अचानक मागे झुकतं, हात पसरतं. त्यामुळे डोक्यावर उचलणं किंवा वाकून उचलत राहणं नको. पिशवी अंग टाकत नाही. आणि कडेवर घेण्याची बाजू दर वेळी बदला, एकाच कमरेवर वर्षभर भार नको.

आता थकव्याबद्दल. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये, सतत थकवा जाणवणाऱ्या आणि व्यायाम न करणाऱ्या तरुणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं, सहा आठवडे सायकल. काहींना हलका जोर, काहींना मध्यम. उत्साह दोन्ही गटांत वाढला, पण थकवा जास्त कमी झाला तो हलक्या जोराच्या गटात. म्हणून, दमलेल्या माणसाने जोरदार व्यायाम केला तरच उपयोग, ही समजूत सोडून द्या. दिवसभराच्या डोक्याच्या शिणाला दहा मिनिटांचं सावकाश चालणंही उतारा ठरतं.

झोपेचं मात्र वेगळं आहे. बाळाने रात्रभर जागवलं असेल, पाच तासही झोप झाली नसेल, तर त्या दिवशी झोपेतून वेळ काढून व्यायाम करू नका. पहाटेचा गजर इथेच फसतो. रात्र कशी जाईल हे तुमच्या हातात नसतं. मूल झोपल्यावरची वेळही बेभरवशाची, कारण झोपवता झोपवता आपलाच डोळा लागतो, आणि तो लागलेलाच बरा. सगळ्यात टिकणारी वेळ घरी आल्या आल्या, बूड टेकण्याआधीची. मुलाच्या हातात काहीतरी खायला द्या, आपल्या समोर बसवा आणि एक फेरी काढा. एकदा बसलात की उठणं होत नाही.

चालण्यासाठी मुलाच्या वेळा वापरा. मूल मैदानात खेळत असताना बाकावर न बसता ते दिसत राहील असा फेरा धरा. अर्धा तास खेळलं तर तुमची अर्धा तास चाल झाली. शिकवणी किंवा क्लासला सोडलंत की तो तास चालण्याचा. त्यात फोनवरची कामंही उरकतात. मूल पाच वर्षांपुढचं असेल, तर त्यालाही रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी असते. पकडापकडी खेळायला दोघं लागतात, तो दुसरा गडी तुम्ही व्हा. दहा मिनिटांत तुमचा दम त्याच्याआधी संपेल. आंघोळीच्या वेळी मात्र व्यायाम नाही. लहान मूल पाण्याजवळ असताना तुमचा हात त्याच्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

बाळंतपण नुकतंच झालं असेल तर ताकदीचे व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा, सिझेरियन असेल तर नक्कीच. उठताना लघवीचे थेंब जाणं, खाली जडपणा वाटणं, पोटाच्या मध्यरेषेवर फुगवटा उभा राहणं, ही पोटाचे किंवा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू अजून तयार नसल्याची चिन्हं आहेत. लघवी अडवताना आवळतो तसे ते तळाचे स्नायू पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं दहा वेळा, श्वास न रोखता. बाळाला पाजतानाही करता येतं. थेंब जाणं थांबलं नाही तर फिजिओथेरपिस्टकडे जा. 'बाळंतपणानंतर असं व्हायचंच' म्हणून ते सोसत राहू नका.

पुरेशी झोप मिळूनही दोन-तीन आठवडे थकवा हलत नसेल, तर व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. मन सतत खिन्न असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, थकव्याचं ते एक मोठं कारण असतं. आणि व्यायाम करताना छातीत दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, भोवळ आली, तर तिथेच थांबून तातडीने मदत बोलवा. घरात दुसरं मोठं माणूस नाही. म्हणून शेजारच्या एकाचा तरी नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि मुलाला तो लावायला शिकवा.

मूल आजारी पडलं की आठवडा जातो. त्या आठवड्यात जमलंच तर तिन्ही व्यायामांची एकच फेरी करा. मिळवलेली ताकद टिकवायला, ती मिळवायला लागली त्यापेक्षा बरंच कमी पुरतं. तेही नाही जमलं तर सोडून द्या. दोन आठवड्यांनी परत सुरू करताना पिशवीतल्या दोन बाटल्या काढा, पहिल्या दिवशी एकच फेरी करा, आणि अंग दुखलं नाही तर तिसऱ्या दिवशी त्या बाटल्या परत भरा.

नमस्कार.