को केर : मूर्ती गेल्या, पाय राहिले

अंगकोर वाटला आम्हीही गेलो होतो, सगळे जातात तसं पहाटे साडेचारला उठून त्या तळ्याकाठी उभं राहून सूर्योदय बघितला, म्हणजे खरं सांगायचं तर पुढच्या माणसाच्या मोबाइलमधला सूर्योदय बघितला. ते राहू दे. आजचा व्हिडिओ दुसऱ्याच जागेचा आहे, कंबोडियातलंच को केर. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराहून ईशान्येला साधारण १२० किलोमीटर, गाडीने दोन-अडीच तास.

शेवटच्या टप्प्यात लाल माती आणि रस्त्याच्या कडेने काजूच्या बागा लागतात, बायको म्हणाली अरे हे तर वेंगुर्ला आहे. मी हसलो, पण गाडीतून उतरून आवाराच्या भिंतीला हात लावला आणि गप्पच झालो, कारण भिंत जांभ्याची. तोच भोकाभोकांचा खडबडीत दगड, आपल्या कोकणात घराला चिरे लावतात ना, तो. कुणीतरी हजार वर्षांपूर्वी इथे चिरे काढून बसवलेत.

आता स्क्रीनवर दिसतंय ते प्रासात थोम. प्रासात म्हणजे आपला प्रासाद, थोम म्हणजे मोठा, इथल्या ख्मेर भाषेत असे आपले शब्द जागोजागी भेटतात, जरा उच्चार बदललेला असतो एवढंच. आणि त्याच्या मागे हा सात टप्प्यांचा पिरॅमिड, उंची साधारण ३६ मीटर. फोटो बघून वाटेल की मेक्सिकोत आलो, पण हे शंकराचं देऊळ आहे. वर लिंग होतं, त्रिभुवनेश्वर नावाचं. आता बाजूने लाकडी जिना केलाय, त्यावरून धापा टाकत वर गेलो तर लिंग नाहीच, आणि चारही बाजूंना नुसतं रान. खाली एवढी देवळं आहेत पण वरून एक दिसत नाही.

थोडक्यात इतिहास सांगतो, कंटाळू नका. चौथा जयवर्मन, हा मूळ इथलाच बलाढ्य माणूस, त्याने राजधानी अंगकोरहून इथे आणली. ९२८ ते ९४४, एवढीच वर्षं सगळं ख्मेर साम्राज्य इथून चाललं, म्हणजे फक्त सोळा वर्षं! त्याआधीची सात-आठ वर्षं धरली तरी तेवीसच्या आसपास. तेवढ्यात हा पिरॅमिड, राहाल नावाचा तो प्रचंड तलाव, सव्वा किलोमीटरच्या जवळपास लांब, आणि डझनावारी देवळं. शिलालेखांत कामाला आणलेल्या माणसांच्या याद्या आहेत, कुठल्या कुठल्या प्रांतांतून आणलेल्या. ९४४ ला राजधानी परत अंगकोरला गेली आणि इथे रान वाढत गेलं. युनेस्कोच्या यादीत हे नाव यायला २०२३ उजाडलं.

प्रासात प्राम बघा आता, प्राम म्हणजे पाच, म्हणून पाच मनोरे. झाडाने त्यांना असं कवेत घेतलंय की वीट कुठे संपते आणि मूळ कुठे सुरू होतं कळत नाही. आपल्याकडे किल्ल्याच्या बुरुजात पिंपळ उगवतो तसंच सुरू झालं असणार, पक्ष्याने टाकलेलं एक बी. सगळे म्हणतात झाडाने देऊळ खाल्लं, पण मला तर वाटलं आता झाडच धरून उभं आहे, ते कापलं तर मनोरा खाली.

पायवाट सोडू नका असं आमचा ड्रायव्हर सारखं सांगत होता. वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला बोंग म्हणायचो, म्हणजे दादा. युद्धाच्या वर्षांत या सगळ्या भागात भूसुरुंग पेरलेले होते, लाल पाटीवर कवटी, ती पाटी बघून मोठे झालोय म्हणाला. इथले सुरुंग काढलेत, तरी तो लघवीलासुद्धा रस्ता सोडून आत जात नव्हता. आम्हीही नाही गेलो.

आणि आता ज्याच्यासाठी मी एवढ्या लांब आलो ते. प्रासात चेन. छोटं देऊळ आहे, निम्मं पडलेलं, रील बनवायला आलेला माणूस दोन मिनिटांत परत फिरेल. हे पश्चिमेकडचं प्रवेशद्वार. इथे गदायुद्ध चालू होतं.

म्हणजे दगडात. एकीकडे भीम, समोर दुर्योधन, बाजूला संतापलेला बलराम, भोवती बाकीचे बसलेले. साधारण माणसाएवढ्या मूर्ती, भिंतीत कोरलेल्या नाहीत, चारही बाजूंनी मोकळ्या, आपापल्या पायांवर उभ्या. दुर्योधन गुडघे वाकवून उडी घ्यायच्या बेतात आहे. आपल्याला गोष्ट पाठ आहे, तो उडी घेणार, भीम मांडीवर गदा घालणार आणि बलराम नांगर उचलून धावणार. शिल्पकाराने बरोब्बर त्याच्या आधीचा क्षण पकडला, दहाव्या शतकात, जिथे बाकी मूर्ती सरळ ताठ उभ्या असायच्या.

१९७० नंतर यादवी पेटली आणि चोर आले. एवढा दगड अखंड हलवणं सोपं नाही, म्हणून त्यांनी घोट्यापाशी तोडला. वरचं शरीर गेलं, चौथऱ्यावर पाय राहिले, बोटं, टाचा सगळं जागच्या जागी. घोट्याच्या वर काही नाही. मी त्या पायांचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा मला राग नंतर आला, आधी कसंतरीच झालं.

दुर्योधन १९७५ मध्ये लंडनला विकला गेला. भीम कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये उभा होता. दोघांमध्ये अटलांटिक आणि अख्खी अमेरिका, आणि दोघांचे पाय इथे, काही पावलांवर. पुढे २०११ मध्ये न्यूयॉर्कला सोदबीज या लिलाव कंपनीच्या लिलावात दुर्योधन आला, वीस ते तीस लाख डॉलर अंदाज, कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर फोटो. ऐनवेळी कंबोडियाने हरकत घेतली, अमेरिकन सरकार कोर्टात गेलं. मालकीची कागदपत्रं किती अन् काय यावर वकील भांडले असतील ते भांडले असतील, पण पुरावा इथे रानात उभा होता ना, वरचा तुटलेला भाग आणि खालचे पाय जुळत होते.

२०१४ च्या जूनमध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम तिघे कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला परत आले. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने गुडघ्यावर बसलेल्या दोन मूर्ती परत केल्या होत्या. म्हणजे आता गदायुद्ध पुन्हा बघायचं असेल तर राजधानीतल्या नॅशनल म्युझियममध्ये जायचं. इथे फक्त ही जागा आहे, पाला, मुंग्या आणि पडके दगड. मी तरी अर्धा तास उभा होतो, कॅमेरा बंद करून.

परतताना राहालच्या काठाने लिंगांची देवळं लागतात. छप्पर उडालेल्या एका गाभाऱ्यात छातीपर्यंत येणारं शिवलिंग, समोर डब्यात वाळू आणि त्यात अर्धवट जळलेल्या उदबत्त्या, म्हणजे कुणीतरी अजून येतं. अभिषेकाचं पाणी भिंतीतल्या भोकातून बाहेर पडायची सोय अजून दिसते. मी बाहेरून फिरायला लागलो, उजव्या हाताला देऊळ ठेवून, आणि त्या पन्हळीपाशी पोचलो तर पाय आपसूक थांबले. लहानपणापासून आईने घालून दिलेली सवय, शंकराला अर्धीच प्रदक्षिणा, सोमसूत्र ओलांडायचं नाही. उलटा फिरलो.

बोंग गाडीपाशी उभा राहून बघत होता, त्याला वाटलं मी वाट चुकलो. हातवारे करून सांगत होता, अहो गाडी इकडे आहे, तिकडून जवळ पडेल.