वीतभर डाग, अख्खी भिंत

हा डाग बघा. समोरून नाही दिसणार, खिडकीकडे सरका आणि भिंतीला गाल लावल्यासारखं तिरकं बघा. आता दिसला? ताटाएवढा, रंग तोच, पण जरा मलूल.

डोंबिवलीतल्या आमच्या हॉलची ही भिंत. पलीकडच्या बाथरूमचा पाइप गळायला लागला आणि इकडे पोपडे आले. पाइप बदलला, महिनाभर भिंत सुकू दिली, आणि मग म्हटलं एवढ्याशा जागेला पेंटर कशाला, मीच करतो. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, घासली, माळ्यावर चार वर्षांपूर्वीचा उरलेला डबा होता तो ढवळून ब्रशने दोन हात मारले. ओला असताना रंग एवढा फिकट दिसला की मी घाबरलोच, पण इमल्शन वाळलं की गडद होतं (जुन्या डिस्टेंपरचं बरोबर उलटं). वाळला तर वाळला, डाग मात्र तिथेच.

शेवटी पेंटरकाकांना बोलावलं. त्यांनी बघायच्या आधी हात फिरवला आणि विचारलं, "प्रायमर मारला नाय ना?"

नव्हता मारला. कोरडी पुट्टी म्हणजे तहानलेली, रंगातलं पाणी आणि चिकटपणा ओढून घेते, त्यामुळे वर रंग निर्जीव पडतो, बाजूच्या जुन्या रंगवलेल्या भिंतीला तेवढी तहान नसते. शिवाय पुट्टीची कड राहिलेली. काकांनी मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरला तर तिथे चक्क डोंगराची सावली! मग 180 नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर 320, डागाच्या बाहेर वीतभर लांबपर्यंत घासत गेले, हाताला कड लागेनाशी होईपर्यंत. प्रायमर पाणी घालून एक हात. आणि ब्रश बाजूला ठेवून छोटा रोलर घेतला, कारण जुनी भिंत रोलरने मारलेली, तिच्यावर बारीक दाणा आहे, ब्रशच्या रेघा त्यात वेगळ्या उठून दिसतात.

मला वाटलं आता झालं. काका म्हणाले, ते कॅलेंडर काढा जरा.

काढलं. मागे एक चौकोन, चार वर्षांपूर्वी होता तसाच ताजा, आणि भोवतीची भिंत ऊन, उदबत्ती, फोडणीचा धूर खाऊन पिवळट झालेली. माझ्या डब्यातला रंग त्या चौकोनाशी अगदी तंतोतंत जुळत होता. भिंतीशी जुळणार कसा?

"वीतभर डागासाठी अख्खी भिंत मारायची?" आईचा प्रश्न. रास्तच होता. पण काका ठाम, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच भिंत मारायची, बाकीच्या तीन सोडून द्यायच्या. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड तसाही वेगवेगळा पडतो, त्यामुळे रंगातला थोडा फरक तिथे खपून जातो, भिंतीच्या मधोमध नाही खपत. मला हे आधी पटलं असतं तर दोन रविवार वाचले असते. दहा बाय नऊची भिंत, दोन हात, दीडेक लिटर रंग.

दुसरा हात मारायच्या आधी काका थांबले. कॅलेंडरच्या खिळ्याकडे बोट दाखवून आईला विचारलं, "ताई, हा काढून भोक बुजवू का?"

आई म्हणाली, "राहू दे, कॅलेंडर तिथेच लागणार."