वजन उतरू द्या

नमस्कार. विषय दिलाय ‘अतिअपुऱ्या दिवसांच्या बाळांचं पाण्याचं व्यवस्थापन’. त्याकडे येतोच. पण आधी मला तराजूबद्दल बोलायचंय, कारण बावीस वर्षं हीच गोष्ट माझ्या मनात घर करून बसलीय.

समोर बऱ्याच सिस्टर दिसतायत, बरं वाटलं. तुम्हाला हा प्रसंग नवा नाही. काचपेटीबाहेर आजी उभी असते. काल बाळ सातशे वीस ग्रॅम होतं, आज सहाशे ब्याऐंशी. आजी म्हणते, “डॉक्टर, इथं ठेवून उतरलं की हो लेकरू!” त्या माउलीला काय सांगणार? जे उतरलं ते मांस नव्हे, पाणी. पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या अंगात 85 टक्क्यांच्या वर पाणीच असतं आणि त्यातलं बरंचसं पेशींच्या बाहेर. पोटातल्या जगासाठी ते ठीक होतं. बाहेर आल्यावर ते जायलाच हवं. पूर्ण दिवसांचं बाळसुद्धा सात ते दहा टक्के उतरतं, हे दहा ते पंधरा टक्के उतरतं. म्हणून मी आजींना सांगतो, “बाळ ओलं आलंय, वाळतंय.” त्यांना हे पटकन कळतं. पापड-कुरडया केलेल्या हातांना वाळणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आणि फार भराभर वाळलं की तडकतं, हेही त्यांना ठाऊक असतं.

आता तो प्रसंग. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. सव्वीस आठवड्यांचं बाळ, 720 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी 682. तिसऱ्या दिवशी सकाळी कागदावर 708. सव्वीस ग्रॅम वाढ! तिसऱ्या दिवशी वजन वाढणं म्हणजे पाणी जास्त झालं, असं धरून सलाईन कमी करण्याची ऑर्डर लिहिली गेली. ती मीच लिहिली. चौथ्या दिवशी रक्तातलं सोडियम 156, म्हणजे फारच चढलेलं. बाळाची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहत होती. आम्ही मूत्रपिंडाचा विचार केला, जंतुसंसर्गाचा केला, रक्त पुन्हा तपासलं. आणि हे पुन्हापुन्हा रक्त काढणं, ज्याच्या अंगात सगळं मिळून साठ मिलिलिटरच्या आसपास रक्त, त्याच्या अंगातून! त्यावर एक वेगळं व्याख्यान देईन कधीतरी.

रात्रपाळीच्या सिस्टरने सुई बदलताना हातावरची पट्टी सोडली, हात हलू नये म्हणून आत बांधलेली लाकडी फळी काढली आणि सहज तराजूवर ठेवली. पट्टी, फळी, चिकटपट्टी मिळून 38 ग्रॅम. दुसऱ्या दिवशीच्या वजनाच्या वेळी सुई पायाला होती, फळी नव्हती. म्हणजे तिसऱ्या दिवशीचं खरं वजन 670. बाळ उतरतच होतं आणि आम्ही त्याचं पाणी तोडलं. 38 ग्रॅम म्हणजे त्या बाळाच्या जन्मवजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त! सत्तर किलोच्या माणसाच्या हाताला पावणेचार किलोची पिशवी बांधून वजन करावं, तसं झालं. बाळ सावरलं, अडीच महिन्यांनी घरी गेलं. पण त्या सिस्टरने ती फळी उचलून ठेवली नसती तर? म्हणून माझा आग्रह आहे, वजनाशेजारी लिहा: फळी आहे, नळी आहे, कोणता तराजू. शक्यतो दोघींनी मिळून करा. “हाताळणी नको” म्हणून वजनच टाळणारे भेटतात, त्यांचं मला पटत नाही. वजन न करता सलाईन ठरवणं म्हणजे अंदाजपंचे.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. तर मूळ विषय भरभर सांगतो.

पाणी जातं कुठून? मुख्यतः कातडीतून. स्वीडनमध्ये उप्सालाला हॅमरलुंड आणि सेडिन यांनी मोजलं: पंचविसाव्या आठवड्यातलं बाळ पहिल्या दिवशी पूर्ण दिवसांच्या बाळाच्या पंधरा पटींच्या आसपास पाणी कातडीतून गमावतं. म्हणून जन्मल्याबरोबर न पुसता प्लॅस्टिकमध्ये, मग काचपेटीत पहिला आठवडा 80 टक्क्यांच्या आसपास दमटपणा. उघड्या वॉर्मरवर हेच बाळ वाऱ्यावरच्या ओल्या कपड्यासारखं सुकतं. आधी बाष्प अडवा, मग सलाईनचा हिशेब करा.

जास्त दिलं तर? अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला बेल आणि सहकाऱ्यांनी 170 अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास 1980 मध्ये छापला: जास्त पाणी मिळालेल्या गटात हृदयाजवळची धमनी उघडी राहण्याचं प्रमाण वाढलं. म्हणून दमटपणा नीट असेल तर किलोला 80 ते 100 मिलिलिटरवर सुरुवात, मग वजन, सोडियम आणि लघवी पाहून बदल. लंगोट वजन करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. पहिल्या दिवसांत सोडियम वर गेलं तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं, मीठ जास्त झालेलं नसतं. वजन उतरलेलं आणि सोडियम चढलेलं, तर पाणी वाढवा. दोन्ही चढलेली दिसली, तर बाळाच्या अंगात जास्तीचं मीठ कुठून आलं ते शोधा.

ते कुठून येतं, एवढं सांगतो आणि थांबतो. सातशे ग्रॅमच्या बाळाला किलोला 80 ने दिवसभराचे 56 मिलिलिटर. कटिंगचा ग्लासही भरत नाही. प्रत्येक औषधानंतर नळी धुवायला अर्धा मिलिलिटर नॉर्मल सलाईन, दिवसातून बारा वेळा, म्हणजे सहा मिलिलिटर. दिवसाच्या पाण्याचा दहावा हिस्सा, आणि किलोमागे सव्वा मिलिइक्विव्हॅलंटहून जास्त सोडियम. ऑर्डरवर आपण लिहिलेलं असतं, “सोडियम देऊ नये.” उद्या वॉर्डात गेल्यावर चार्टमध्ये त्या सहा मिलिलिटरसाठी एक रकाना आखून घ्या.