वाघळांचे झाड आणि आपले अंगण

उपस्थित बागायतदार, विद्यार्थी आणि वाचनालयाचे सभासदहो,

कोकणातल्या माणसाला वाघूळ म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. आगरात साल चघळून टाकलेल्या सुपाऱ्या आणि काजूच्या बागेपासून दूर, भलत्याच झाडाखाली पडलेल्या बिया आपण सगळेच वेचत आलो आहोत. म्हणून थेट मुद्दा मांडतो. घराजवळच्या झाडावरील वाघळे हुसकली की ती नाहीशी होत नाहीत, शेजाऱ्याच्या झाडावर जातात. तेव्हा आपले कष्ट आणि पैसा झाडाखालच्या व्यवस्थेवर खर्च झाला पाहिजे.

हे ज्या प्रसंगामुळे मला पटले, तो थोडा विस्ताराने सांगतो. आपल्याच किनाऱ्यावरील एका गावात जुन्या वडाला लागून गृहसंकुल उभे राहिले. वडावर शेकडो वाघळे होती, आणि ती इमारतीच्या कितीतरी आधीपासून होती. रहिवाशांची तक्रार खोटी नव्हती: उग्र वास, पहाटेचा कलकलाट, जांभळाच्या दिवसांत वाळत घातलेल्या कपड्यांवरचे न जाणारे डाग. पण उपाय काढला तो एप्रिलमध्ये दुपारी फटाके लावण्याचा. वाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते, फेब्रुवारी ते मे हे पिल्लांचे दिवस, आणि लहान पिल्लू आईच्या पोटाला चिकटून असते. भर उन्हात माद्या उडाल्या, पिल्ले खाली पडली, कावळ्यांनी ती टिपली. मुले ते पाहत गॅलरीत उभी होती, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे काय झाले? काही वाघळे जवळच्या दवाखान्याच्या आवारातील नीलगिरीवर बसली, म्हणजे जिथे रुग्ण झोपतात तिथे. आणि पावसाळा सरता सरता बरीचशी वडावर परतलीही.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या वनस्पती उद्यानाने २००३ साली अशीच मोहीम केली, पण पूर्ण तयारीनिशी. तिथेही वाघळे शेवटी यारा नदीकाठच्या दुसऱ्या उद्यानात वसली. एवढे मनुष्यबळ असलेल्या शहराला जे महिनोन् महिने खपून साधले, ते आपल्याला चार माळा फटाक्यांनी साधेल, अशी आशा धरणे चूक आहे.

यात कायद्याचाही दोष होता, आणि ही माझी जुनी तक्रार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत बसवले. वड, उंबर, उंडी यांच्या बिया दूरवर नेणाऱ्या, रात्री फुलणाऱ्या झाडांचे परागीभवन करणाऱ्या जीवाला पन्नास वर्षे हे स्थान होते. २०२२ च्या सुधारणेने ती अनुसूचीच गेली. लोकांच्या मनातून मात्र ती अजून गेलेली नाही. त्यातच महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे जुने वृक्ष पडले. एक मोठे झाड पडले की त्यावरचा मुक्काम गावातल्या उरलेल्या झाडांकडे सरकतो, आणि मग ‘वाघळे वाढली’ अशी ओरड होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ज्यासाठी आपण जमलो ते आता भरभर सांगावे लागेल. छपरावर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटाव्यात, त्याही पावसाळा संपल्यावर डिसेंबरपर्यंत. शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी, आणि झाड पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने असेल तर ते वारसा वृक्ष ठरते, हे लक्षात ठेवावे. विहिरीवर बारीक जाळी आणि टाकीवर घट्ट झाकण हवे. वाळणीची दोरी आणि गाड्या पत्र्याच्या छपराखाली न्याव्यात. फळझाडावर सैल नायलॉनचे जाळे टाकू नये, त्यात वाघळे अडकून मरतात; बारीक विणीचे जाळे ताणून बांधावे.

वटवाघळांकडून माणसांत येऊ शकणाऱ्या निपाह या विषाणूजन्य रोगाची भीती मी उडवून लावणार नाही. २०१८ मध्ये केरळने ती साथ सोसली, आणि पुण्याच्या विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत त्या विषाणूच्या खुणा सापडल्या. ती आपल्या वडावरच्या वाघळांहून वेगळ्या जातीची असली तरी सावधपणा सोडू नये. अर्धवट खाल्लेले फळ कधीही खाऊ नये, बाकीची फळे धुऊन, सोलून खावीत. बांगलादेशात खजुरीच्या कच्च्या रसातून हा रोग माणसांत गेला, म्हणून माडी काढणाऱ्यांनीही मडक्याचे तोंड झाकावे. पडलेल्या सुपाऱ्या वेचताना हातमोजे घालावेत, नंतर हात साबणाने धुवावेत.

आणि पिल्लू खाली पडलेले दिसले, तर त्याला उघड्या हाताने उचलू नका; कुत्री-मांजरे आणि मुले दूर ठेवा, वरून टोपली पालथी घाला आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.